कोरियात हागवॉनमध्ये शिकवायला जाताय? आधी माझे अकरा महिने वाचा

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण फसलेलं सांगायला गेलं की आपणच बावळट दिसतो. पण आता माझी मामेबहीणच निघालीये तिकडे, तिला फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

मी मूळची साताऱ्याची, शाळेत असतानाच आईबाबांबरोबर कॅनडाला आले, पासपोर्ट कॅनडाचा. ऑगस्ट २०२२ ला ई-२ व्हिसावर, म्हणजे परदेशी भाषा शिकवणाऱ्यांच्या व्हिसावर, इंग्रजी शिकवायला कोरियाला गेले. हागवॉन म्हणजे तिकडचे खाजगी क्लासेस, आपल्याकडे कसे गल्लीगल्लीत असतात तसेच, फक्त पोरं रात्री नऊपर्यंत बसलेली असतात. गाव उत्तर ग्योंगसांग प्रांतात, आन्दोंगहून बसने तासभर, चहूकडे लसणाची शेतं, दर पाच दिवसांनी बाजार भरतो, आणि रस्त्यावर म्हाताऱ्या आज्ज्या जास्त, पोरं कमी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, परदेशी मास्तरीण तिथे एकच असते, लगेच कळेल कोण ते.

पगार ठरला २३ लाख वॉन. आईने फोनवर ऐकलं आणि म्हणाली अगं बाई, महिन्याला २३ लाख! मग सांगितलं की रुपयात साधारण एक लाख चाळीस हजार होतात, तर थोडी खट्टू झाली. राहायला खोली क्लासकडून फुकट, एक खोली, ऑन्डोलची गरम होणारी जमीन, खिडकीतून चर्चचा लाल क्रॉस दिसायचा.

आता मालकीणबाई. त्यांना वॉनजांगनिम म्हणतात, म्हणजे क्लासच्या प्रमुख. माझं फसणं कळायचं असेल तर ही बाई आधी कळायला पाहिजे. भेटली की पहिला प्रश्न, जेवलीस का? कोरियात हे नमस्कारासारखंच विचारतात, पण मला तर सातारची काकूच भेटल्यासारखं वाटायचं. मी पोचले आणि तीन आठवड्यांत चुसॉक आला, तो त्यांचा मोठा सण, तेव्हा रिवाजाप्रमाणे मला स्पॅमच्या (डबाबंद मांसाच्या) डब्यांचा गिफ्ट सेट दिला, मी शाकाहारी आहे कळल्यावर इतकी ओशाळली की दुसऱ्या दिवशी नाशपातीची अख्खी पेटी दारात. नोव्हेंबरमध्ये किमजांग, म्हणजे सगळे मिळून वर्षाची किमची घालतात, आपल्या लोणच्याच्या दिवसांसारखं, तर माझ्यासाठी माशाचं सॉस न घालता वेगळी किमची घातली तिने. स्वतःच्या हाताने. हे सगळं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण अशा बाईला पगाराच्या चिठ्ठीवर प्रश्न विचारायला तोंड उघडतं का कुणाचं?

चिठ्ठी मात्र झकास असायची, छापील, इंग्रजीत. पेन्शनचे १,०३,५०० वॉन कापले, म्हणजे बरोब्बर साडेचार टक्के. हेल्थ इन्शुरन्सचे ९० हजारांच्या आसपास. थोडा टॅक्स. मी इंटरनेटवर टक्केवारी तपासली सुद्धा, जुळली, आणि स्वतःलाच शाबासकी दिली की बघ कशी सावध आहेस. आकडे बरोबर असले म्हणजे पैसे भरले असं होत नाही हे डोक्यातच आलं नाही.

आणखी एक झालं होतं. कॅनडातून निघताना इंग्रजी करारावर सही केली होती, बारा महिन्यांचा. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एक कोरियन कागद आला, "ऑफिससाठी लागतो, त्याचंच भाषांतर आहे". हंगुल मला वाचता यायचं, म्हणजे अक्षरं लावता यायची, अर्थ शून्य. केली सही. त्यात लिहिलं होतं की मी नोकर नाही, फ्रीलान्सर आहे. फ्रीलान्सरचा सरसकट ३.३ टक्के टॅक्स भरला की मालकाचं काम संपलं, पेन्शन नाही की इन्शुरन्स नाही. म्हणजे सरकारदरबारी ती माझ्या नावाने महिन्याला ७५,९०० वॉन भरत होती आणि माझ्याकडून दोन लाखांच्या वर कापत होती, मधले स्वतःच्या खिशात. शिवाय पेन्शनचा तिचा स्वतःचा साडेचार टक्के हिस्सा, तोही वाचला.

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. कोरियात परदेशी माणूस सहा महिने राहिला की आणि नोकरीतून इन्शुरन्स नसला की हेल्थ इन्शुरन्स आपोआप त्याच्या नावावर लागतो आणि बिल घरी येतं. मला मार्चपासून पाकिटं यायला लागली. आणि मी ती स्वतःच्या हाताने नेऊन वॉनजांगनिमला द्यायचे!! कारण वाचता येत नव्हती. ती बघायची, हसायची, "माहितीपत्रक आहे, राहू दे माझ्याकडे". तीन पाकिटं दिली मी अशी.

चौथं आलं तेव्हा ती दोन दिवस देगूला गेली होती. बाजाराचा दिवस होता, माझी एक मैत्रीण झाली होती, व्हिएतनामची, लग्न होऊन त्या गावात आलेली (अशा खूप आहेत तिकडे खेड्यांत), तिच्याशी बोलता बोलता सहज पाकीट दाखवलं. तिने तिथेच टोमॅटोच्या गाड्याशेजारी उभं राहून वाचलं आणि म्हणाली हे माहितीपत्रक नाही, बिल आहे, आधीचं थकलंय, दर महिन्याचे दीडेक लाख. आणि हे थकलं की व्हिसा वाढवताना अडवतात. माझ्या पोटात गोळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडून पेन्शन ऑफिस गाठलं, क्लास दुपारी एकला असायचा म्हणून जमलं. फॉरेनर कार्ड दिलं, बाईने नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली. एकही नोंद नाही. हे काम दहा मिनिटांचं आहे हो, पहिल्या पगारानंतर केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी विचारलं तेव्हा वॉनजांगनिम चिडली नाही. चहा दिला, म्हणाली अकाउंटंटची चूक, बघते. आणि पुढच्याच आठवड्यात, जूनच्या मध्यावर, केक आणि त्याबरोबर पत्र. पोरं कमी झालीत, २० जुलै तुझा शेवटचा दिवस.

तारीख बघा. कोरियात एक वर्ष पूर्ण झालं की नोकरी सोडताना साधारण एक महिन्याचा पगार द्यावा लागतो, त्याला थ्वेजिकगम म्हणतात. वर्षाला एक दिवस जरी कमी असला तरी शून्य. माझे अकरा महिने भरत नव्हते. तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती दिली. इंग्रजी करारात तीस दिवसांच्या नोटिशीने कुणीही करार मोडू शकतो असं कलम होतं, मी ते वाचून सही केली होती. आणि अन्यायाने काढलं म्हणून लेबर कमिशनकडे जायला क्लासमध्ये किमान पाच कर्मचारी लागतात, मालक त्यात धरत नाहीत, आम्ही चार. तीन शिक्षक आणि एक व्हॅनवाले आजोबा. इतकं चपखल बसवलेलं होतं की ही बाई हे पहिल्यांदा करत नसणार. माझ्या आधीची मुलगीसुद्धा "घरची आठवण येते म्हणून" लवकर गेली होती म्हणे.

पण पेन्शनचं तिला पचलं नाही. लेबर ऑफिसला तक्रार करता येते, फुकट, वकील लागत नाही. १३५० ला फोन केला की सांगतात कुठलं ऑफिस. नोकर की फ्रीलान्सर हे कागदावरच्या शब्दावरून ठरत नाही, काम कसं होतं त्यावरून ठरतं. माझ्याकडे काय होतं? तिने लावलेलं वेळापत्रक, एकला ये नऊला जा असे काकाओटॉकवरचे (तिकडचं व्हॉट्सॲपच ते) मेसेज, कोणतं पुस्तक कितव्या पानापर्यंत शिकवायचं त्याचे मेसेज, आणि तीच ती झकास इंग्रजी चिठ्ठी, जिच्यात पेन्शन कापल्याचं तिनेच छापलेलं. इन्स्पेक्टरने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. मैत्रीण माझ्याबरोबर दुभाषी म्हणून बसली होती, एक दिवसाची मजुरी बुडवून.

दुसऱ्या बैठकीनंतर बाहेर कॉरिडॉरमध्ये वॉनजांगनिमने हात धरला, म्हणाली दहा लाख आज देते, तक्रार मागे घे, आपण घरच्यासारख्या आहोत. मी जवळजवळ हो म्हणाले होते. मैत्रिणीने चिमटा काढला. पैसे खात्यात दिसल्याशिवाय तो मागे घेण्याचा कागद भरायचा नाही, भरला तर तीच तक्रार पुन्हा उघडत नाही, हे तिला माहीत होतं कारण तिच्या नवऱ्याच्या भावाचं तसंच झालं होतं.

शेवटी अकरा महिन्यांची नोंदणी मागच्या तारखेने झाली, दोघींचे हिस्से भरले गेले, हेल्थ इन्शुरन्सची थकबाकीही त्यातच मिटली. तोवर मी नोकरी शोधायच्या डी-१० व्हिसावर मैत्रिणीच्या माळ्यावर राहत होते आणि साठवलेलं खात होते. नोव्हेंबर २०२३ ला परत आले. कॅनडा आणि अमेरिकेच्या पासपोर्टवाल्यांना देश सोडताना पेन्शन एकरकमी परत मिळते, मला साडेबावीस लाखांच्या वर मिळाली. ब्रिटनवाल्यांना ती मिळत नाही, मग ते म्हणतात कापली नाही तर बरंच, आणि तिथेच मालकांचं फावतं. थ्वेजिकगम गेलं ते गेलंच. परतीचं तिकीटही माझ्याच पैशाने.

मामेबहिणीला तीनच गोष्टी सांगितल्यात. कोरियन कागद आला तर सही करायच्या आधी फोटो काढून कुणाकडून तरी वाचून घे, पहिल्या पगारानंतर १३५५ ला फोन करून पेन्शनची नोंद विचार, आणि घरी आलेलं पाकीट मालकाच्या हातात देऊ नकोस.

अजून एक, हे भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी. पुण्यातून कुणी एजंट "कोरियात हागवॉनला लावून देतो, चार लाख भरा" म्हणत असेल तर पळा. हागवॉनमध्ये इंग्रजी शिकवायला ई-२ व्हिसा फक्त सात देशांच्या नागरिकांना मिळतो, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताशी २०१० पासून जो सेपा नावाचा व्यापार करार लागू आहे त्यात भारतीयांना सरकारी शाळेत सहाय्यक शिक्षक म्हणून जाता येतं, तेही शिक्षकाची पात्रता असेल तर. क्लासमध्ये नाही. पकडलं तर एजंट नाही, तुम्ही परत येता.

२०२४ च्या चुसॉकला वॉनजांगनिमचा काकाओटॉकवर मेसेज आला. चंद्राचं चित्र, आणि खाली, जेवलीस का? काकाओटॉकवर मेसेज वाचला नसेल तर शेजारी पिवळा १ दिसत राहतो, वाचला की जातो. मी उघडला. तिच्याकडचा १ गेला असणार. उत्तर नाही दिलं.