मृदा आरोग्य पत्रिका: कोकणच्या जांभ्या जमिनीला पुरते का?

माती तपासून शेतकऱ्याला 2015 पासून मिळणाऱ्या या सरकारी पत्रिकेत बारा घटक येतात: सामू (pH; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगेनीज), बोरॉन. काळ्या रानाचे खत ठरवायला एवढे चालते. जांभ्या मातीत मात्र मुळांचा खरा वैरी अॅल्युमिनियम, आणि त्याचा रकानाच नाही.

सामू 5.5 खाली उतरला की अॅल्युमिनियम विरघळू लागते, 5 खाली तर झपाट्याने. ते मुळाच्या टोकाची वाढच थांबवते. रोप उपटून पाहावे: मुळे आखूड, जाड, तपकिरी, बारीक फाटे जवळपास नाहीत. अशा मुळांना स्फुरद उचलता येत नाही. शिवाय घातलेला स्फुरद लोह आणि अॅल्युमिनियम अडकवून ठेवतात. पत्रिका म्हणते ‘स्फुरद कमी’, शेतकरी सुपर फॉस्फेट वाढवतो, पीक तिथल्या तिथेच.

भातात हे लपून राहते, कारण खाचरात पाणी साचले की सामू आपोआप वर चढतो. पाणी ओसरले की पुन्हा खाली. मार बसतो मागाहून घेतलेल्या पिकाला. म्हणून नमुना भात कापून खाचर सुकल्यावरच घ्यावा. पत्र्याचे जस्त चढवलेले घमेले नको, जस्ताचा आकडा फुगतो. आंबा-काजूला 15 सेंमी खोलीचा नमुना कुचकामी. 30, 60, 90 सेंमीचे वेगवेगळे काढावेत.

कॅडमियम, शिसे हे विषारी धातूही पत्रिकेत नाहीत. हे जास्त खटकते, कारण जस्त-तांब्यासाठी काढलेल्या डीटीपीए अर्कातच (मातीतले धातू ओढून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणात) ते मोजता येतात. यंत्राला त्या धातूचा वेगळा दिवा हवा, इतकेच. सामू घसरला की कॅडमियम मोकळे होऊन मुळात जास्त शिरते. शेतात कारखान्याचे सांडपाणी किंवा शहरी कचऱ्याचे खत येत असेल, तर ही चाचणी वेगळी सांगून करून घ्यावी.

नुसत्या सामूवरून चुन्याची मात्राही ठरवू नये. सामू तोच असला तरी चिकण मातीला रेताडपेक्षा जास्त लागतो. विनिमयक्षम अॅल्युमिनियम (मातीच्या कणांना सैल चिकटलेले, मुळांपर्यंत पोचू शकणारे) 100 ग्रॅम मातीत 1 मिलिइक्विव्हॅलंट निघाले, तर हेक्टरी 1.5 ते 2 टन बारीक दळलेली चुनखडी पेरणीआधी 3-4 आठवडे वरच्या 15 सेंमीत मिसळावी. सोबत युरिया नको, अमोनिया उडून जातो. खालच्या थरात चुना लवकर उतरत नाही. तिथे जिप्सम उपयोगी पडते, मात्र त्याने सामू वाढत नाही.