कथलाच्या प्रोजेक्टला तोशाम का बस्तर?

डिझर्टेशनला कथील घेतलंय, तोशामला जाऊ का बस्तरला, असं ज्युनिअर पोरं विचारत असतात आणि मी दोन्हीकडं जाऊन आलोय म्हणून एकदाच लिहून टाकतो. आपण कोल्हापूरची माणसं, बेसॉल्ट आणि जांभा सोडून काय बघितलेलं नसतंय, त्यामुळं कुठंबी गेला तरी पहिले दोन दिवस बावचळायला होणारच.

खडक बघायचे तर हरियाणातलं तोशाम भारी, खोटं कशाला बोलू. मालाणीचा रायोलाइट (ग्रॅनाइटासारखाच, पण ज्वालामुखीतनं आलेला खडक) आणि ग्रॅनाइट, साधारण 75 कोटी वर्षांचा, आपला दख्खन 6.6 कोटींचा म्हणजे त्याच्यापुढं पोरगंच. ग्रॅनाइटातनं गरम द्रावण फिरून ग्रायझन, म्हणजे क्वार्ट्झ-अभ्रकाचा बदललेला खडक झालेला, कथील त्यातच, सोबत तांबं, टंगस्टन. हडप्पावाल्यांचं कथील इथलंच का यावर वाद पण आहे, व्हायवाला बोलायला बरं.

पण कॅसिटराइट, म्हणजे कथलाचं खनिजच, दिसत नाही राव! चार दिवस भिंग डोळ्याला लावून बसलो, काळा ठिपका दिसला की खूश, पोतंभर दगड घरी आणले, थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला केलेला दगडाचा पातळ काप) हातात यायला दोन महिने आणि त्यात माझे ठिपके निघाले टुर्मलीन, दुसरंच काळं खनिज. आपण नेमकं काय गोळा केलंय हेच तोवर माहीत नाही, इथंच माझं डोकं उठलं.

बस्तरला कटेकल्याण, तोंगपालकडं जांभळट लेपिडोलाइटचे (लिथियमचा अभ्रक) पेग्मटाइट, म्हणजे मोठ्या स्फटिकांचे ग्रॅनाइटासारखे खडक आहेत, ते झिजून कॅसिटराइटचे दाणे ओढ्यात उतरलेत, गावातली माणसं गाळ धुऊनच ते काढतात. मी पण स्टीलच्या ताटलीत धुतला, क्वार्ट्झ अभ्रक वाहून गेलं आणि तळाला आठ-दहा काळपट तपकिरी दाणे राहिले, पाण्याला हलेनात. पंचगंगेची काळी वाळू चुंबकाला धावते, हे ढिम्म. रात्री जुन्या सेलच्या जस्तावर ठेवून सौम्य हायड्रोक्लोरिक टाकलं तर थोड्या वेळानं राखाडी चमक चढली, आज्जीच्या पातेल्याला कल्हई केल्यागत, म्हणजे कॅसिटराइटच, तिथल्या तिथं कळलं. एकदोन दाणे काळेच राहिले, ते बहुतेक कोलंबाइट-टँटलाइट, म्हणजे नायोबियम-टँटलमचं खनिज.

जंगलाची परवानगी, सोबत गावचा माणूस, ही कटकट बस्तरला आहेच, पावसाळ्यात तर नकोच. तुमच्या लॅबमध्ये सेक्शन लगेच होत असतील तर तोशामला जावा, मी नको म्हणणार नाही. नाहीतर गोंदियापर्यंत महाराष्ट्र एक्सप्रेस, पुढं रायपूर, जगदलपूर. ताटली तेवढी जुनी न्या, माझी ओरखडे बघून आईनं परत स्वयंपाकघरात घेतली नाही.