लॅपटॉपची बॅटरी गेली: ओरिजिनल घ्यायची, कम्पॅटिबल, सेल भरून, की चार्जरवरच चालवायचा?

आमच्या घरात दोन लॅपटॉप, आणि दोन्हीच्या बॅटऱ्या एकाच वर्षात गेल्या. एक माझा जुना जाडजूड, खालचे दोन खटके सरकवले की बॅटरी हातात येते तसला, आणि दुसरा ताईचा पातळ, ज्याची बॅटरी आत स्क्रूने बसवलेली. त्यामुळे बाजारात जे चार रस्ते सांगतात ते चारही मी बघितलेत, पैसेही घातलेत, आणि माझं मत असं झालंय की बॅटरी कुठली घ्यायची हे लॅपटॉपच्या किमतीवर ठरत नाही, ती बाहेरची आहे की आतली आणि तुम्ही लॅपटॉप कुठे बसून वापरता यावर ठरतं.

पण पैसे काढायच्या आधी बॅटरी खरंच गेलीय का ते बघा ना. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट एवढं टाईप करा, एक फाईल तयार होते आणि ती कुठे सेव्ह झाली ते तिथेच लिहून येतं. त्यात दोन आकडे बघायचे, डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती होती आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती उरलीय. माझ्या जुन्याचं ४८,८४० मिलीवॅट-अवरपैकी १४,००० च्या आसपास उरलेलं, म्हणजे तिचा विषय संपला. ताईच्याचं मात्र ४२,००० पैकी ३१,००० होतं, म्हणजे ७० टक्क्यांच्या वर, तरी ४० टक्के दाखवता दाखवता लॅपटॉप धाडकन बंद पडायचा. असं झालं की कधी कधी बॅटरीतल्या मोजणाऱ्या चिपचा हिशोब चुकलेला असतो, तर कधी एखादा सेल खरंच कमजोर झालेला असतो. एकदा पूर्ण चार्ज करून, पार बंद होईपर्यंत वापरून, परत सलग १०० पर्यंत चार्ज केला तर चिपचा हिशोब सुधारतो, कपॅसिटी वाढत नाही हं, फक्त टक्केवारी खरी दिसायला लागते. तिचा लॅपटॉप त्यावर अजून सात महिने चालला, मग टचपॅड वर उचलल्यासारखा दिसायला लागला. तो बॅटरी फुगल्याचा प्रकार. तिथे मग रिपोर्ट वगैरे काही बघायचं नाही, चार्जिंग बंद करून बॅटरी काढून घ्यायची. मॅकवाल्यांना सायकल काउंट, म्हणजे बॅटरी आतापर्यंत किती वेळा पूर्ण चार्जइतकी वापरली गेली तो आकडा, सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये पॉवरखाली मिळतो, बहुतेक मॅकबुकना १००० सायकल धरलेल्या असतात.

आता ओरिजिनल की कम्पॅटिबल. ओरिजिनल म्हणजे लॅपटॉपच्या कंपनीची, दुसरी म्हणजे त्याच मॉडेलसाठी बाहेरच्या कंपनीने बनवलेली. दुकानदार दुसरीला कधी कम्पॅटिबल म्हणतो, कधी ए ग्रेड, कधी सरळ डुप्लिकेट. माझ्या जाड लॅपटॉपला मी कम्पॅटिबल घेतली, १,७०० रुपये, आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. कारण जुन्या मॉडेलची ओरिजिनल मिळाली तरी ती कधी बनलीय हा प्रश्न असतोच, लिथियम बॅटरी नुसती कपाटात पडूनसुद्धा म्हातारी होते, त्यामुळे चार-पाच वर्षं गोडाऊनमध्ये पडलेल्या ओरिजिनलपेक्षा परवा बनलेली बऱ्यापैकी कम्पॅटिबल जास्त चालू शकते. म्हणून कुठलीही घेताना आधी लेबलवर बनवल्याची तारीख शोधा. दुसरं म्हणजे बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर नंबर, आर आणि पुढे आठ आकडे, भारतात विकायच्या लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ खाली रजिस्ट्रेशन लागतं. नंबर नसेल तर ती बॅटरी तिथेच ठेवून या, कितीही स्वस्त असू दे.

तिसरी गोष्ट एमएएचचा, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो तो आकडा, इथे लोक सर्रास फसतात. जुन्या जाड बॅटरीत आत १८६५० नावाचे गोल सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. सहा सेलच्या बॅटरीत साधारणपणे तीन जोड्या एकामागे एक असतात, म्हणजे व्होल्टेज तीन सेलचं आणि एमएएच दोन सेलचे. चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो, मग दोघांचे मिळून ७००० झाले, त्यामुळे त्याच आकाराच्या सहा सेलवर कोणी ९००० लिहिलं असेल तर तो आकडा खोटा आहे हे तिथल्या तिथे कळतं. तुलना करायचीच तर वॅट-अवरनी करा, व्होल्ट गुणिले एमएएच भागिले हजार, ११.१ आणि ४४०० चे होतात ४८.८४. वजनही बघा, एक सेल साधारण ४५ ग्रॅमच्या पुढेच असतो, म्हणजे सहा सेलची बॅटरी हाताला हलकी लागली तर आत काहीतरी कमी आहे. आणि १०.८ की ११.१ यावरून घाबरू नका, ते एकच आहे, १४.४ आणि १४.८ चंही तसंच, पण ११.१ च्या जागी १४.८ ची स्वतःच्या मनाने लावू नका.

ताईच्या पातळ लॅपटॉपला मात्र मी ओरिजिनलच घ्यायला लावली, ५,४०० रुपये बसवण्यासकट, कम्पॅटिबल २,६०० ला मिळत होती तरी. आतल्या बॅटरीत गोल सेल नसतात, चपटी पाकिटं असतात, ती फुगतात तेव्हा जागा मिळेल तिकडे दाब देतात, वर टचपॅड, कीबोर्ड, शेजारी मदरबोर्ड. बाहेरची बॅटरी खराब निघाली तर खटका सरकवून बाजूला ठेवता येते, आतली फुगायला लागलेली बाहेरून दिसतसुद्धा नाही. हा २,८०० चा फरक मला त्यासाठी योग्य वाटतो, लॅपटॉपचा नवा कीबोर्ड-टचपॅडचा पॅनल त्याहून महाग पडेल.

सेल भरून घ्यायचं मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण हा सल्ला सगळ्यात गोड वाटतो. तीच बॅटरी, तेच कव्हर, आत फक्त नवे सेल, ९०० रुपयांत काम. कम्पॅटिबल घ्यायच्या आधी मी हेच केलं होतं. तीन आठवडे छान चालली, मग प्लग्ड इन, नॉट चार्जिंग असं यायला लागलं ते कायमचंच. झालं काय ते नंतर कळलं. बॅटरीतल्या बोर्डावरची चिप प्रत्येक जोडीच्या व्होल्टेजवर नजर ठेवून असते, त्यात फरक फार वाढला की ती चार्जिंग थांबवते, आणि बऱ्याच चिप एकदा बिघाड नोंदवला की कायमचं लॉक होतात, त्या मग खास सॉफ्टवेअरशिवाय सुटत नाहीत. माझ्या बॅटरीत सेल एकसारखे नव्हते, वेगवेगळ्या जुन्या बॅटऱ्यांतले काढून घातलेले, आणि जोडलेही सोल्डरिंगने. सोल्डरिंगची उष्णता सेलच्या टोकाला लागली की आतलं सील खराब होऊ शकतं, म्हणून हे काम निकेलच्या पट्टीवर स्पॉट वेल्डिंगने करतात. तेव्हा विचारायचं असेल तर हेच विचारा, स्पॉट वेल्डर आहे का, सेल एकाच बॅचचे नवे आहेत का, चिप रीसेट करता का. तिन्हीला हो असेल आणि तुमच्या मॉडेलची बॅटरी कुठेच मिळत नसेल तरच हा रस्ता धरा. चपट्या पाकिटांच्या बॅटरीला तर नकोच नको.

चौथा रस्ता फुकटचा, बॅटरी काढून चार्जरवर चालवायचा. एका जागी टेबलावर, घरी इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर चालतं, मी दोन महिने तसाच चालवला. पण काही लॅपटॉप बॅटरीशिवाय स्पीड कमी करतात कारण अचानक जास्त पॉवर लागली तर एकट्या चार्जरवर भार येतो, आणि आतली बॅटरी काढल्यावर काही मॉडेल सुरूच होत नाहीत, ते आधी तपासा. गावाकडे लोडशेडिंग असेल तर हा विचार सोडा, एकदा फाईल सेव्ह होता होता लाईट गेली की वाचलेले सगळे पैसे पाण्यात जातात.

म्हणजे कॉलेजला रोज पाठीवर नेत असाल आणि बॅटरी आतली असेल तर ओरिजिनल. लॅपटॉप जुना, बॅटरी बाहेरची, तर तारीख आणि आर नंबर बघून कम्पॅटिबल. टेबलावरून हलतच नसेल तर आधी यूपीएसचा विचार करा.

नवी बसवली की पहिल्याच दिवशी चार्ज लिमिट लावा. लेनोव्होच्या व्हँटेजमध्ये कन्झर्व्हेशन मोड, असूसमध्ये मायअसूसमध्ये, डेल आणि एचपीत बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, सोय असते, बहुतेक ८० टक्क्यांच्या आसपास थांबते. सतत चार्जरला लावून ठेवणाऱ्यांसाठी याच्याइतका उपयोगी दुसरा उपाय नाही, कारण लिथियमचा सेल १०० टक्क्यांवर आणि गरम असा दोन्ही एकदम राहिला की लवकर झिजतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात गादीवर ठेवून वापरत असाल तर निदान खाली एक फळी घ्या. पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, दर वेळी शून्यावर आणा, हे सल्ले जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचे, लिथियमला ते लागू नाहीत. महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा.

जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ताईच्या फुगलेल्या बॅटरीच्या कनेक्टरवर आम्ही टेप लावली, टोचलं दाबलं काही नाही, पत्र्याच्या डब्यात घालून डबा गॅलरीत ठेवला आणि चार दिवसांनी ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला.