एकाच तव्यावरच्या पोळ्या: वेब डिझायनरच्या नजरेतून ब्राउझर

ब्राउझर डझनभर दिसले तरी पान तपासायचं असतं तीनच इंजिनांवर, म्हणजे कोड वाचून पान पडद्यावर रंगवणाऱ्या गाभ्यांवर: ब्लिंक, वेबकिट आणि गेको. क्रोम, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट आणि जानेवारी २०२० पासून एजसुद्धा ब्लिंकवर चालतात. त्यामुळे क्रोम आणि एजमध्ये पान उघडून ‘दोन ब्राउझरमध्ये तपासलं’ म्हणणं म्हणजे एकाच तव्यावरची पोळी दोन ताटांत वाढणं.

क्रोमची डेव्हटूल्स (पान आतून तपासायची अवजारं) वेग मोजायला उत्तम, पण त्यातला मोबाइल मोड फसवा आहे. यादीतून आयफोन निवडला तरी बदलते ती रुंदी, पिक्सेलची घनता आणि यूझर-एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख). पान रंगवतं ब्लिंकच.

खरी डोकेदुखी आयफोनवरची वेबकिटवाली सफारी. युरोपीय संघासारखे अपवाद सोडले तर आयफोनवरचा क्रोमही आतून वेबकिटच असतो. १०० व्हीएच, म्हणजे ‘पडद्याची पूर्ण उंची’, दिली की अ‍ॅड्रेसबार आक्रसल्यावरची मोठी उंची धरली जाते आणि तळाचं ‘पुढे’ बटण पट्टीखाली दडतं. आधी १०० व्हीएच आणि त्याखालच्या ओळीत १०० एसव्हीएच (पट्टी उघडी असतानाची छोटी उंची) लिहावं, सफारी १५.४ पासून ते चालतं, जुन्या आवृत्त्या पहिली ओळ वापरतात. डीव्हीएच (पट्टीबरोबर बदलणारी उंची) टाळलेलं बरं, स्क्रोल करताना बटण उड्या मारतं. फॉर्मच्या चौकटीतला टाइप १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर बोट टेकताच पान मोठं होतं. ते टाळायला झूमच बंद करणारे महाभाग आहेत. चष्मेवाल्या वाचकावर तो अन्याय आहे, टाइप १६ करा.

विंडोजवरची सफारी २०१२ मध्ये ५.१.७ वर थांबली. म्हणून आयफोन हवा आणि मॅकही: फोनच्या सेटिंग्जमध्ये (आयओएस १८ पासून ‘अ‍ॅप्स’खाली) सफारी, अ‍ॅडव्हान्स्ड, वेब इन्स्पेक्टर सुरू करायचं, केबल लावायची आणि मॅकवरच्या सफारीत डेव्हलप मेनूतून फोनवरचं पान तपासायचं. फोन मुद्दाम जुना घ्यावा. सफारी आयओएसबरोबरच अपडेट होते, त्यामुळे जुन्या फोनवर ती अडकून पडते.

पान रचायला मात्र गेकोवरचा फायरफॉक्सच. ग्रिडच्या (आडव्या-उभ्या चौकटींच्या मांडणीच्या) रेषा क्रमांकांसह दिसतात आणि न लागू होणारा नियम करडा होऊन कारणही सांगतो. सबग्रिड (ग्रिडच्या आतलं, त्याच रेषा वापरणारं ग्रिड) त्यात २०१९ मध्येच आलं, क्रोममध्ये २०२३ साली. ‘हॅज’ सिलेक्टरला (आत काय आहे ते पाहून घटक निवडणाऱ्या नियमाला) मात्र फायरफॉक्सनंच उशीर केला, डिसेंबर २०२३ पर्यंत.

देवनागरी पानाचं दुखणं वेगळं. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलं की शिरोरेषा तुटते, कुठल्याही ब्राउझरात. इंग्रजी टेम्प्लेटमधून आलेली ती ओळ आधी काढा. लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या पटीत) १.२ ठेवली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-मात्रांना भिडतात, १.६ च्या आसपास ठेवावी. शीर्षकावर ओव्हरफ्लो हिडन (‘चौकटीबाहेरचं लपवा’) असेल तर वेलांटीचा माथा छाटला जातो. स्वतःचा फाँट दिला नाही तर विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो येतो, आणि एकाच मापाचा मेनू कुठे एका ओळीत, कुठे दोन ओळींत बसतो. फाँटचं ४०० वजनच (साधी जाडी) लोड केलं तर ब्राउझर ठळक अक्षर स्वतः फुगवतो आणि ‘ष’, ‘क्ष’ची पोटं बुजतात. ७०० ची (ठळक अक्षराची) फाइल वेगळी द्या. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘एमआर’ (मराठी) लिहायला विसरू नका: फाँटमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्यावरच मिळतात. ‘एचआय’ राहिलं की हिंदी वळण येतं आणि मराठी वाचकाच्या डोळ्याला ते खुपतं.

शेवटची फेरी विंडोजवरच्या क्रोममध्ये. तिथली स्क्रोलपट्टी साधारण १५ पिक्सेल जागा खाते. १०० व्हीडब्ल्यू (‘खिडकीची पूर्ण रुंदी’) त्या पट्टीसकट मोजली जाते, म्हणून पान आडवं सरकू लागतं. मॅकवर ट्रॅकपॅड असताना पट्टी लपलेली असते, दोष दिसतच नाही. रुंदी १०० टक्के लिहिली की प्रश्न मिटतो.