फासे टाकावेत की पॉइंट मोजावेत? कॅरेक्टरचे सहा आकडे ठरवताना

नवीन कँपेन (महिनोन्‌महिने चालणारी एकच गोष्ट) सुरू करायचं म्हटलं की आमच्या टेबलावर हा वाद निघतोच, तुमच्याकडेही निघत असणार. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट रंगवत खेळायच्या खेळात प्रत्येकजण एक कॅरेक्टर होतो. पाचव्या आवृत्तीत त्या कॅरेक्टरचे गुण मोजणारे, स्ट्रेंग्थपासून करिझ्मापर्यंतचे सहा आकडे ठरवायच्या मुख्य वाटा दोन. एक, चार फासे टाकायचे, सगळ्यांत लहान फासा सोडून द्यायचा, असं सहा वेळा. दुसरी, प्रत्येकाने २७ पॉइंट घ्यायचे आणि ८ ते १५ मधले आकडे विकत घ्यायचे. तयार यादीही मिळते (१५, १४, १३, १२, १०, ८), पण ती मी वेगळी धरत नाही. तिची किंमत मांडून बघा, बरोबर २७ भरते.

दोन्ही पद्धतींनी मी खेळलोय आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणून खेळवलंयही. एक मला जास्त आवडते, पण दुसरीची बाजू लंगडी आहे असं मुळीच नाही.

फाशांनी कॅरेक्टर दांडगी होतात, असा एक समज आहे. तो फारसा खरा नाही. चारांतल्या तीन फाशांची सरासरी १२.२४ येते, तयार यादीची १२. फरक पडतो तो दोन खेळाडूंमधल्या अंतरात. फासे टाकले तर साधारण अकरांत एकाला निदान एक तरी १८ मिळतो, आणि त्याच्या शेजारी बसलेल्याचा सगळ्यांत मोठा आकडा १४ असू शकतो. पॉइंटमध्ये १५ च्या वर जाताच येत नाही (बॅकग्राउंड वगैरेची एक-दोनची भर नंतर सगळ्यांनाच मिळते), त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.

हे अंतर पूर्वी इतकं बोचत नसे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला, तेव्हा तीन फासे टाकायचे आणि पडतील ते आकडे ओळीने लिहायचे. मोठ्या आकड्याचा मुख्य फायदा म्हणजे अनुभवाचे गुण थोडे जास्त मिळत. चार फाशांची पद्धत १९७९ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीच्या डीएमसाठीच्या नियमांत छापून आली. आज मात्र दर दोन आकड्यांमागे मॉडिफायर (फाशाच्या निकालात होणारी भर किंवा घट) एकाने वाढतो आणि हल्ला, बचाव, कौशल्य, सगळीकडे लागतो. एक मॉडिफायर म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पाच टक्के. पहिल्या संध्याकाळी पडलेल्या फाशांमुळे कुणी वर्षभर प्रत्येक रोलला दहा-पंधरा टक्के मागे राहणार असेल, तर पॉइंटवाल्यांचा आक्षेप रास्तच म्हणायला हवा. आमच्याकडेही पॉइंट आले ते याच कारणाने, आणि ते आल्यावर कुरबुर थांबली हे मान्य करायला हवं.

पण नंतर मला एक गोष्ट खुपायला लागली. तो ८.

पॉइंटच्या बाजारात १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट पडतो, १४ आणि १५ ला दोन-दोन. १५ हवा तर ९ पॉइंट मोजावे लागतात. ते आणायचे कुठून? जो आकडा आपल्याला लागणारच नाही, तो ८ वर सोडून. आणि विझर्ड किंवा आर्टिफिसर हे बुद्धीवर चालणारे क्लास (कॅरेक्टरचे पेशे) सोडले तर बहुतेकांना न लागणारा आकडा एकच असतो, इंटेलिजन्स. त्याचे सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायला टाकायचे फासे) क्वचित येतात, शस्त्राला त्याचा उपयोग नाही. म्हणून फायटर तिथे ८ ठेवतो, क्लेरिक तिथे ८ ठेवतो, रेंजर आणि बार्डही तेच करतात. कुणाचंच चुकलेलं नसतं. हिशोब ज्याने त्याने नीट केलेला असतो, आणि नीट केला की सगळ्यांचा एकच येतो.

आमच्या एका कँपेनमध्ये पार्टीत, म्हणजे कॅरेक्टरांच्या टोळीत, विझर्ड नव्हता. जमिनीखालच्या देवळात एक बंद दार लागलं, वर कोरलेली चिन्हं. देऊळ आमच्या क्लेरिकच्याच देवाचं. डीएमने रिलिजनचा रोल मागितला. आता रिलिजन हे कौशल्य इंटेलिजन्सवर चालतं, विझ्डमवर नाही. त्यामुळे विझ्डम १७ असलेल्या त्या क्लेरिकला स्वतःच्या देवाचं चिन्ह ओळखायला, कौशल्य शिकलेलं असूनही, सगळे मिळून +१ मिळत होता. बाकीच्यांना तर −१. एकामागून एक सगळ्यांनी फासा टाकला आणि कुणाचं काही जमलं नाही. शेवटी डीएमला कुठून तरी एक म्हातारा पुजारी आणून उभा करावा लागला.

रोल फसले याचं मला काही वाटलं नाही. खटकलं ते हे, की त्या अख्ख्या पार्टीत मंदबुद्धी म्हणून कुणीच खेळत नव्हतं. शीटवर ८ लिहिलेला, आणि बोलताना सगळे चतुर, चटपटीत. तो ८ कुणाच्या स्वभावात उतरलाच नव्हता. नुसती पॉइंटची बचत होती ती. पॉइंट पद्धतीत उणीव आपण स्वतः निवडतो, आणि माणूस साहजिकच अशा जागी निवडतो की जिथे ती कधी दुखणार नाही.

फासे असा विचार करत नाहीत. त्यानंतरच्या कँपेनला आम्ही जुन्या रीतीने ओळीने फासे टाकले: फासे चार, पण आकडा जिथे पडेल तिथेच राहणार, फक्त एकदा दोन आकड्यांची अदलाबदल करता येईल. आमच्यातल्या एकीला पडलं ते असं: स्ट्रेंग्थ १५, डेक्स्टेरिटी ९, कॉन्स्टिट्यूशन (तब्येतीचा काटकपणा) ७, इंटेलिजन्स १४, विझ्डम ११, करिझ्मा १२. तिने अदलाबदल न करता विझर्ड घेतली. २०२४ च्या नियमांप्रमाणे बॅकग्राउंडमधून इंटेलिजन्सला दोन आणि कॉन्स्टिट्यूशनला एक मिळाला, तरी पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट (कोसळेपर्यंत सोसता येणारा मार) पाचच. गॉब्लिनच्या एका बाणाने सरासरी तेवढंच नुकसान होतं.

आता दंडात बळ आहे पण छाती कमजोर, अशी ही विझर्ड आली कुठून? तिने ठरवलं की ती नदीवरच्या नावाड्याची मुलगी. लहानपणापासून वल्ही मारलेली, मग एका साथीत फुफ्फुसं गेली आणि अंथरुणावर पडल्यापडल्या वाचायला शिकली. हे तिला पॉइंट मोजताना सुचलं नसतं असं मला वाटतं, कारण पॉइंट मोजून स्ट्रेंग्थ १५ ची विझर्ड कुणी करत नाही. पुढे एकदा चिलखतासकट बेशुद्ध पडलेल्या फायटरला तिने एकटीने ओढत गुहेबाहेर काढलं. नियमातही बसतं ते: स्ट्रेंग्थच्या पंधरापट पौंड वाहून नेता येतात, तीसपट ओढता येतात, म्हणजे ४५० पौंड.

तरीही सरसकट फासेच टाका असं मी म्हणणार नाही. कॅरेक्टर आधीच डोक्यात पक्कं असेल तर पॉइंट बरे. १९८१ च्या चँपियन्ससारख्या सुपरहिरोंच्या खेळात पॉइंट शोभतात ते याचमुळे, तिथे कल्पना आधी येते आणि आकडे मागून. अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन खेळत असाल तरी पॉइंटच घ्या. ॲडव्हेंचरर्स लीग या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या अधिकृत सार्वजनिक उपक्रमात तर फाशांना परवानगीच नाही, आणि ते योग्य आहे. एका टेबलावरचं कॅरेक्टर दुसरीकडे न्यायचं, तर घरी काय पडलं याला साक्षीदार कोण? पहिल्यांदाच खेळणाऱ्याचं कॅरेक्टर पाच हिट पॉइंटांमुळे पहिल्याच दिवशी मेलं, तर तो परत येईलच असं नाही. त्याला फासे टाकू द्या, पण आकडे हवे तिथे लावू द्या.

तुमचा ग्रुप ओळखीचा असेल, महिनोन्‌महिने एकत्र खेळणार असाल आणि कोण बनायचं हे अजून ठरलं नसेल, तर मात्र मी ओळीने फासे टाकायलाच सांगेन. अंतराची भीती वाटत असेल तर २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतला एक नियम उचला: सगळ्या मॉडिफायरांची बेरीज शून्य किंवा त्याखाली आली, किंवा सगळ्यांत मोठा आकडा १३ च्या वर गेला नाही, तर सहाही आकडे पुन्हा टाकायचे. आम्ही तो वापरतो. फासे सगळ्यांसमोर, टेबलावरच टाकायचे. आणि सहावा आकडा लिहून होईपर्यंत कुणीही क्लासचं नाव काढायचं नाही, कारण एकदा ‘मी पॅलाडिन होणार’ असं ठरवून बसलं की पडलेला प्रत्येक आकडा वाईटच दिसतो.