मुंबई ते सेंट लुशिया: एजंटला विमानं कळतात, मधले तास कळत नाहीत

दादर पश्चिमेला भाजीबाजाराच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक ट्रॅव्हल एजंट बसतो. नाव देत नाही. एक तर त्याच्याकडे माझे नव्वद डॉलर अडकलेत आणि दुसरं म्हणजे त्याची आई माझ्या ओळखीची आहे. गेल्या मार्चमधली आमची मुंबई-बार्बाडोस-सेंट लुशिया सहल त्याने आखून दिली. आम्ही तिघं गेलो होतो: मी, आमचे हे आणि माझे सासरे आप्पा, वय ८०. समुद्र, पिटॉनचे दोन सुळके, हॉटेल, सगळं फोटोत दिसतं तसंच आहे, त्यावर मी वेगळं काय लिहिणार? हा अभिप्राय विमानांचा आहे, आणि त्याहून जास्त दोन विमानांच्या मधल्या वेळेचा.

पार्ल्याच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे कुणी "मॅडम, भरपूर वेळ आहे" म्हणालं की मी आधी कागद घेते.

कॅरिबियनच का, असं सगळ्यांनी विचारलं. उत्तर आप्पा. १९७१ साली गावसकर पहिल्यांदा वेस्ट इंडिजला गेले आणि चार कसोटींत ७७४ धावा करून आले, तेव्हा आप्पा सव्वीस वर्षांचे होते आणि पहाटे पेपरवाल्याची वाट बघत जिन्यात उभे राहायचे. बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन, तिथे पहिल्या डावात १ आणि दुसऱ्या डावात नाबाद ११७, हे त्यांना आजही आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं आठवतं. पुढे २०२४ च्या जूनमध्ये त्याच मैदानावर आपण टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकलो आणि त्यांनी रात्री दीड वाजता शेजाऱ्यांना पेढे वाटायचा हट्ट धरला. मग बेरिल वादळ आलं, विमानतळ बंद झाला, आणि आपला संघ चषक घेऊन हॉटेलात बसून राहिला. ४ जुलैला खास विमानाने परत आला. "जगज्जेत्यांना विमान मिळेना, आपल्याला कोण विचारतंय," आप्पा म्हणाले. पण जायचं तर त्यांच्या मनात बसलंच होतं.

एजंटने आधी सप्टेंबर सुचवला, तिकीट बरंच स्वस्त म्हणून. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्यातही सप्टेंबर ऐन जोराचा. हे मला वर्तमानपत्र वाचून माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं, की माहीत असून सांगायचं नव्हतं, हे ठरवता आलं नाही. मार्च म्हटलं.

मग दुसरी स्वस्ताई आली. मुंबईहून हीथ्रो, आणि गॅटविकहून थेट सेंट लुशिया. मध्ये पाच तास. "लंडन टू लंडन आहे काकू, काही नाही त्यात." मॅडमची काकू झाले की समोरचा काहीतरी विकतोय, हे मला एव्हाना कळतं. हीथ्रो आणि गॅटविक ही दोन वेगळी विमानतळं आहेत आणि मध्ये रस्त्याने सत्तरेक किलोमीटर आहेत, म्हणजे पार्ल्याहून खोपोली गाठण्याइतकं. तेही सगळं सामान घेऊन, ऐंशी वर्षांच्या माणसाला बसमध्ये चढवून. आणि खरा घोळ पुढेच. विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर ब्रिटनच्या इमिग्रेशनमधून जावं लागतं, त्याला वेगळा व्हिसा. आतल्या आत विमान बदलायला जो ट्रान्झिट व्हिसा आपल्या पासपोर्टला लागतो, तो इथे चालत नाही. एजंट म्हणाला, ट्रान्झिटला व्हिसाच लागत नाही. मी म्हटलं, लेखी दे. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "लागतो मॅडम." परत मॅडम.

तर शेवटी रस्ता ठरला तो असा: मुंबई-हीथ्रो-बार्बाडोस एका तिकिटावर, पुढे बार्बाडोस-सेंट लुशिया छोट्या विमानाने, वेगळ्या तिकिटावर. ट्रान्झिट व्हिसासाठी आप्पांना बोटांचे ठसे द्यायला घेऊन गेलो. ऐंशीव्या वर्षी बोटांवरच्या रेषा पुसट होतात, चार वेळा यंत्रावर दाबावी लागली. गंमत म्हणजे जिथे जायचं त्या बार्बाडोसला आपल्याला व्हिसा नको, आणि ज्या लंडनमध्ये नुसतं बाकावर बसायचं त्याला हवा. अमेरिकेमार्गे गेलं तर याहून कठीण: नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा, वर बॅगा काढून घेऊन परत द्यायच्या.

मुंबईचं विमानतळ आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. विमानं आमच्या डोक्यावरूनच उतरतात, गॅलरीत बोलणं थांबवावं लागतं. टी-टूवर व्हीलचेअरची रांग बघून मात्र मी थक्क झाले. लंडनच्या विमानाला सतरा मोजल्या. बहुतेक सगळे नातवंडांकडे निघालेले आजी-आजोबा, मांडीवर खाकऱ्याचे डबे. तिकीट काढतानाच व्हीलचेअर लिहून घेतलेली असेल तर ती मिळते, आयत्या वेळी मागितली तर ताटकळत बसावं लागतं. हे काम एजंटने चोख केलं होतं, सगळ्या विमानांवर नोंद होती. त्याचे गुण त्याला. आप्पांना मात्र खुर्चीत बसायची लाज वाटत होती. सुरक्षा तपासणीची रांग बाजूला सारून खुर्ची सरळ पुढे गेली, तेव्हा ती लाज जरा ओसरली.

हीथ्रोवर टर्मिनल बदलावं लागलं नाही. चार तास होते, तेवढे पुरले. परत एकदा तपासणी झाली आणि तेव्हा द्रवाला १०० मिलीची मर्यादा होती, म्हणून माझ्या पर्समधली खोबरेल तेलाची बाटली तिथेच राहिली. मुंबई ते लंडन दहाएक तास, पुढे बार्बाडोसला जवळजवळ नऊ. गुडघे कसे झाले होते ते लिहीत नाही.

आता बार्बाडोसकडे येते, कारण खरी परीक्षा तिथे होती. कागदावर दोन विमानांच्या मध्ये दोन तास चाळीस मिनिटं, म्हणजे १६० मिनिटं. एजंटच्या मते "आरामात." तिकिटं वेगळी असल्यामुळे बॅगा पुढे आपोआप जात नाहीत. बार्बाडोस देशात रीतसर प्रवेश करायचा, पट्ट्यावरून बॅगा घ्यायच्या, कस्टम ओलांडायचं, आणि निर्गमनाकडे जाऊन नव्याने चेक-इन करायचं. विमानातून बाहेर पडायला ३५ मिनिटं, इमिग्रेशन ४०, बॅगा आणि कस्टम २५, आणि काउंटर एक तास आधी बंद. बेरीज १६०. उरले शून्य. हे गणित मी मुंबईतच मांडून त्याला दाखवलं होतं. तो हसला, "मॅडम, तिथे आयलंड टाइम असतो, सगळं निवांत."

आणि लंडनचं विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं.

इथे व्हीलचेअरने आम्हाला तारलं. खुर्चीवाले प्रवासी विमानातून सगळ्यांत शेवटी उतरतात, पण इमिग्रेशनला त्यांना वेगळ्या रांगेतून नेतात, आणि सोबतच्यांनाही. खुर्ची ढकलणारी बाई धिप्पाड, हसरी, आप्पांना "डार्लिंग" म्हणत होती. आप्पांनी तिला विचारलं, केन्सिंग्टन ओव्हल, म्हणजे त्यांचं ते ब्रिजटाउनचं मैदान, किती लांब? पुढची दहा मिनिटं ती क्रिकेटवर बोलत होती आणि लोक बाजूला होत होते. प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन आधीच भरून ठेवला होता, ते एक बरं केलं. काउंटरवर पोचलो तेव्हा तो बंद व्हायला पाच मिनिटं होती. तिथे कळलं की या तिकिटात बॅगेचे पैसे वेगळे, आणि आमच्या बॅगा जड. मोठ्या विमानाला २३ किलो चालतात म्हणून छोट्यालाही चालतील असं आम्ही धरून चाललो होतो. एजंटने यातलं काही सांगितलं नव्हतं.

एवढी धावपळ करून मग छोटं विमान अडीच तास उशिरा. त्या वेळात काउंटरवरच्या मुलाने एक जुना विनोद ऐकवला. बेटांना जोडणारी लिआट नावाची कंपनी १९५६ पासून होती, २०२० मध्ये ती बुडाली. तिच्या नावाची लोक फोड करायचे: लीव्ह आयलंड एनी टाइम. आता त्या नावाने नवी कंपनी उडते आहे, इतरही आहेत, पण बेटं बरीच आणि विमानं मोजकी. एक रद्द झालं की दुसरं दुसऱ्या दिवशीच. म्हणून मोठं विमान आणि छोटं विमान एकाच दिवशी ठेवायचं नाही. एजंटला हे माहीत असायला हवं. यासाठीच तर तो पैसे घेतो.

वाट बघताना रोटी खाल्ली. मूळची त्रिनिदादची, १८४५ पासून तिथे गेलेल्या आपल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची. त्यातल्या एका प्रकाराला ढालपुरी म्हणतात, दोन पदरांत वाटलेली डाळ. आप्पांनी घास घेतला आणि म्हणाले, "पुरणपोळीत गूळ घालायला विसरलेत." आत बटाटा-चण्याची रसभाजी मिळाली, शाकाहारी माणसाचं पोट भरतं.

छोटं विमान म्हणजे पंख्यांचं, सत्तरेक जणांचं, मागच्या दारातून पायऱ्या चढून जायचं. आप्पा कठड्याला धरून स्वतः चढले. हवेत चाळीसेक मिनिटं. आणि खाली उतरल्यावर न्यायला कुणीच नाही.

सेंट लुशियात दोन विमानतळ आहेत. दक्षिणेला व्यू फोर्टजवळ हेवनोरा, तिथे मोठी विमानं उतरतात. उत्तरेला राजधानी कॅस्ट्रीजमध्ये समुद्राला लागून जॉर्ज एफ. एल. चार्ल्स, तिथे बेटाबेटांतली छोटी. तीन अक्षरांचे संकेत यूव्हीएफ आणि एसएलयू. आमचं तिकीट एसएलयूचं, आणि एजंटने गाडी बुक केली यूव्हीएफला. म्हणजे आमच्या नावाची पाटी घेऊन एक माणूस सव्वा-दीड तास लांब, डोंगरापलीकडे, रात्री साडेनऊ वाजता उभा होता. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मॅम, आय ॲम हिअर." मी म्हटलं, मीसुद्धा. आमचं हॉटेल उत्तरेला रॉडनी बेला, म्हणजे आम्ही उतरलो तिथून जवळच. तीस डॉलर देऊन टॅक्सी केली. चुकीच्या गाडीचे नव्वद एजंटने आधीच घेतलेले. तेच हे नव्वद.

आप्पांची बॅग त्या रात्री आलीच नाही, वजन जास्त झाल्यामुळे मागे राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आली. रक्तदाबाच्या गोळ्या, कानाचं यंत्र आणि त्याचा चार्जर माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होते म्हणून निभावलं. चार्जरवरून आठवलं: सेंट लुशियात वीज जवळजवळ आपल्यासारखीच, २४० व्होल्टची, पण सॉकेट ब्रिटिश, तीन चौकोनी पिनांचं. बार्बाडोसला ११५ व्होल्ट आणि अमेरिकी चपट्या पिना. दोन्ही अडॅप्टर लागतात. पैशांचंही तसंच. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा पाढा पहिलीतल्या मुलालाही येतो. सेंट लुशियाला पूर्व कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकी डॉलरला २.७०. टॅक्सीवाला कुठल्या डॉलरमध्ये बोलतोय हे बसण्याआधी विचारावं, हो. नाहीतर आमच्या ह्यांच्यासारखं होतं.

परतीचं छोटं विमान आणि लंडनचं विमान एजंटने पुन्हा एकाच दिवशी ठेवलं होतं, मध्ये तीन तास. मी हॉटेलातूनच बदलून घेतलं. दंड भरला, आदल्या दिवशी बार्बाडोसला आलो, ब्रिजटाउनमध्ये एक रात्र राहिलो. हा एकच निर्णय पूर्णपणे माझा, आणि सहलीतला सगळ्यांत चांगला दिवसही तोच.

सकाळी केन्सिंग्टन ओव्हलला गेलो. बाहेर सोबर्सचा पुतळा आहे. १९७१ साली समोरच्या संघाचे कप्तान तेच. आप्पा खुर्चीतून उठले, टोपी काढली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ह्यांनी उगाच १९९७ चा विषय काढला, १२० करायच्या होत्या आणि आपण ८१ वर गारद झालो, तेही इथेच. आप्पा म्हणाले, "त्या सामन्याचं नाव इथे उभं राहून काढू नकोस." संध्याकाळी लंडनचं विमान वेळेवर सुटलं. बॅगा एका तिकिटावर, थेट मुंबईपर्यंत. हीथ्रोवर आम्ही फक्त चहा प्यायलो.

एजंटला पाचपैकी दोन. एक व्हीलचेअरच्या नोंदींचा, एक फोन उचलतो त्याचा. मुंबईत रात्रीचा एक वाजलेला असतानाही त्याने उचलला होता, हे खरं. कधीही गेलात तर तीन अक्षरी संकेत तिकिटावर आणि गाडीच्या पावतीवर एकच आहे का, ते तिथेच बसून ताडून बघा. आणि दोन विमानांच्या मधला वेळ त्याच्यासमोर कागदावर मांडा.

नव्वद डॉलरबद्दल तो म्हणतो, पुढच्या सहलीत वळते करून देईन. मी म्हटलं, नको, रोख. दर सोमवारी सकाळी अकराला फोन करते. परवा त्याच्या आईने उचलला.