दशक शिकवताना आधी काय द्यावं: काड्या की तयार ठोकळे?

दोन्ही वापरून झालेत, म्हणून लिहितोय. एकक-दशक म्हणजे काय ते इथे सांगत बसत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातात आधी काय द्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

ठोकळ्यांची बाजू भक्कम आहे. झोल्तान डीन्स या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा संच: सुटा ठोकळा, दहाचा दांडा, शंभराची पाटी, हजाराचा मोठा घन. डावीकडचं प्रत्येक घर दहापट, हे नुसतं मांडलं तरी दिसतं. दहा दांडे शेजारी-शेजारी लावा, बरोब्बर पाटीएवढे भरतात. काड्यांत, म्हणजे दहा-दहा काड्यांना रबर लावून केलेल्या गठ्ठ्यांत, ही सफाई नाही. रबर तुटतात, गठ्ठ्यात कधी नऊच निघतात, आणि हजार काड्या कोण बांधत बसणार?

तरी माझा कौल फिरला तो एका कटकटीपायी. दांडा सुटत नाही.

४२ मधून १७ वजा करायचे आहेत. समोर चार दांडे, दोन सुटे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल एक दांडा उचलतं. तो डब्यात टाकायचा आणि बदल्यात दहा सुटे घ्यायचे. मोजणी सुरू होते, सहा-सातवर येते, एक ठोकळा टेबलाखाली घरंगळतो, की पुन्हा एकपासून. दहा जमेपर्यंत वजाबाकी कुठवर आली होती ते डोक्यातून गेलेलं असतं. काही जण नऊच घेतात आणि त्यांना काही खटकत नाही. दांडा डब्यात गेला, आता ताडून बघणार कशाशी? एकूण काय, सर म्हणतात म्हणून बदलायचं.

गठ्ठ्याचं रबर काढलं की त्याच दहा काड्या समोर पसरतात. बाहेरून काही आलं नाही. बेचाळीस होत्या तेवढ्याच आहेत, फक्त आता तीन दशक आणि बारा सुट्या. बारातून सात काढा, एक गठ्ठा बाजूला करा, उरल्या २५. गठ्ठा नऊचा असेल तर तेही इथेच उघडं पडतं.

एकमेकांत अडकवायचे ठोकळे हा मधला मार्ग म्हणता येईल, कारण त्यांचा दांडा सुटतो. माझ्याकडे मात्र त्यांच्या बंदुकाच जास्त झाल्या. मणीपाटी मी इतक्या लवकर देणार नाही; तिथे दशकाचा मणी एककाच्या मण्याएवढाच असतो.

वर्ग मोठा असेल आणि वेळ कमी, तर ठोकळे सोयीचे, हे मान्य. शंभराच्या पुढे तर तेच हवेत. पण तोवर काड्या चालवून पाहा. दहा गठ्ठ्यांचा एक जुडगा बांधून झाला, की मग ठोकळे काढा. तेव्हा ती अदलाबदल मुलांना फारशी अडत नाही, असा माझा तरी अनुभव. गठ्ठे मात्र मुलांनाच बांधू द्या. आयते बांधून दिले, तर ठोकळ्यांपेक्षा वेगळं काही पदरात पडेल असं वाटत नाही.